कुतूहलशाळेतलं तेल

चंपानगरीच्या उत्तर वेशीबाहेर, तळ्याच्या काठी
एक लांबट शाळा आहे, गवताने शाकारलेली, भिंती छातीइतक्याच.
लोक तिला कुतूहलशाळा म्हणतात.
चारी दिशांचे संन्यासी तिथे उतरतात,
भांडतात, जेवतात, पुन्हा भांडतात.
मी तिथे दिवे लावते.
तिरिटा माझं नाव. तेल्याची सून, आता विधवा.

श्रेष्ठीने नेमून दिलंय: रात्रीला चार पळ्या.
मला वाद कळत नाही, तेल कळतं.

आत्मा आहे की नाही: अडीच पळ्या.
जगाला कुठे कुंपण आहे का: तीन, शिवाय एक वात करपली.
कर्माचं फळ पेरणारा खातो
की त्याच्यामागून येणारा भलताच कुणी,
यात उजाडलं, आणि दुसऱ्या रात्रीचंही तेल गेलं.
मी भिंतीवर कोळशाने रेघा ओढते.
पुनवेला श्रेष्ठीचा कारकून येतो, रेघा मोजतो,
म्हणतो, सत्य फार महाग पडतंय, बाई.

एकाने बैलाचं व्रत घेतलं होतं.
चार पायांवर चाले, गवत खाई, कुणाशी बोलत नसे.
आमच्या घाण्याचा बैल एकदा त्याला बघून थांबला,
बराच वेळ थांबला.
सासऱ्याने चाबूक उचलला नाही.

मग फाल्गुनात तो आला.
नाव विचारलं तर देश सांगितला, मद्र,
म्हणून सगळे मद्रकच म्हणू लागले.
बारा वर्षं चालत होता. टाचा सुकलेल्या तळ्यासारख्या.
तो वाद घालत नसे. एवढंच विचारी:
हे तुम्हाला कसं कळलं?
लोक चिडत.
चिडलेल्या रात्री तेल जास्त लागतं, हे माझं निरीक्षण.

एकदा माझ्याकडे वळला.
तुला काय वाटतं, तुझा नवरा कुठे गेला असेल?
सगळी शाळा माझ्या तोंडाकडे बघू लागली,
नखं वाढवलेला, राख फासलेला, तो पालीसारखा बारीक म्हाताराही.
मी म्हटलं, वात तिरपी झालीये, सरक जरा.

त्या रात्री झोप लागली नाही.
दुसऱ्या रात्री
(हे कारकुनाला माहीत नाही)
बुधला भरलेला असताना
मी तेल घातलं नाही.

दिवे एकेक करून बसले.
थोडा वेळ ते तसेच बोलत राहिले, सवयीने.
मग आवाज आपापल्या माणसांपासून सुटले.
नित्य म्हणणारा अनित्याच्या बाजूने दोन वाक्यं बोलून गेला,
त्याला कुणी टोकलं नाही.
कुणीतरी हसलं. कुणाचं तरी पोट गुरगुरलं.
तळ्यात मासा उडाला, पडला.
आणि कोपऱ्यातून माणसाच्या रडण्याचा आवाज आला.
तो बैल होता.

कुणी उठून त्याच्याकडे गेलं.
कोण गेलं ते मला दिसलं नाही.

माझ्या अगदी जवळून मद्रक म्हणाला,
तिरिटा, तेल आहे ना तुझ्याकडे?
आहे, मी म्हटलं.
बरं, म्हणाला.
लाव म्हणाला नाही.
मीही उठले नाही.

सकाळी त्याने पळीभर तेल मागितलं, टाचांना.
उंबऱ्यावर बसून एकेका भेगेत बोटाने भरलं.
भिंतीवर स्वतःच रेघ ओढली, खाली, वाकडी,
हिशेब नीट ठेव म्हणाला, आणि गेला.
पूर्वेला की दक्षिणेला, मी बघितलं नाही;
मला वाती वळायच्या होत्या.

दर वर्षी भिंती शेणामातीने सारवतात.
सगळ्या रेघा जातात, आत्म्याच्या, जगाच्या, फळाच्या.
तेवढ्या एकीला मी वळसा घालते.
कारकून विचारतो, ही कुठल्या वादाची?
मी म्हणते, टाचांची.
तो ती मोजत नाही.